बारा मुठींचा घोळ

पर्लिता इलागानने प्लॅस्टिकची पिशवी मेलेसिओच्या मेजावर उलटी केली आणि दहा चाकू असे खळखळत बाहेर पडले, की आत भात टाकायला निघालेल्या रुफिनाला वाटलं, चमच्यांचं भांडं सांडलं. तिने दारातून डोकावून पाहिलं. तिचा नवरा खुर्ची मागे सरकवून बसला होता आणि ताटात कुणी मेलेली पाल वाढावी तसा त्या चाकूंकडे बघत होता.

पर्लिता वस्तीची निवडून आलेली प्रमुख. सगळे तिला कॅप्टन म्हणत आणि तीही तशीच चालत असे. ताल गावातल्या या वस्तीचं नावच बालिसोंग. दोन मुठींच्या मधे पातं लपवणारा, मनगटाच्या एका झटक्यात पंख उघडल्यासारखा उघडणारा तो चाकू इथे घडत आला, म्हणून वस्तीला चाकूचं नाव की चाकूला वस्तीचं, यावर अजून भांडणं होतात. पण एकेकाळी घरोघरी पेटणाऱ्या भट्ट्यांपैकी आता सात उरल्या होत्या, आणि हमरस्त्यावरच्या टपऱ्यांवर बाहेरून जहाजाने आलेले स्वस्त बालिसोंग टांगले जात होते. वर चिकटवलेली चिठ्ठी सांगत होती, 'अस्सल ताल'. प्रवासी गाडीतून उतरायचे, तिथेच घ्यायचे, तिथूनच परतायचे.

कॅप्टनचं म्हणणं असं होतं, की रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर बास्केटबॉलच्या मैदानात सगळे जमणार आहेत, प्रांताच्या व्यापार खात्यातला एक माणूसही येणार आहे. मेलेसिओकाकांनी उभं राहून हा माल का टाकाऊ आहे ते चार लोकांत सांगायचं. त्या माणसाला पटलं, तर वस्तीला स्वतःचा शिक्का मिळेल, आणि तो शिक्का नसलेल्या चाकूला 'ताल' म्हणता येणार नाही.

"तुम्ही बोललात की झालं, काका," ती म्हणाली. "तुमच्या शब्दापुढे कोण बोलणार?"

हे खरं होतं. मेलेसिओ अतिएन्सा अडुसष्ट वर्षांचा होता आणि त्यातली पन्नास त्याने ट्रकच्या जुन्या स्प्रिंग-पाट्यांचं पोलाद ठोकण्यात घालवली होती. त्याच्या पारखीच्या गोष्टी वस्तीत सांगत. एकदा एका मयताला बसलेले असताना त्याच्या पाठीमागे कुणीतरी हळूच चाकू उघडून मिटला. मेलेसिओने मान न वळवता सांगितलं, "अबुन्दिओ, तुझा डावा रिव्हेट आखूड पडलाय." रिव्हेट खरोखर आखूड होता. शेजारच्या भट्टीवाला अबुन्दिओ मारासिगान तेव्हापासून मयताला चाकू घेऊन जात नसे.

त्याच दुपारी मेलेसिओने परीक्षा सुरू केली. मुलगी मारिव्हिक टिपणं घ्यायला बसली. तिचं बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, पण गुरुवारी दुपारी कुणाचाच फोन बिघडत नाही, असा तिचा अनुभव होता.

पहिला चाकू त्याने नुसता कानाशी धरून हलवला. आत कुणीतरी दात वाजवतंय असा आवाज आला. "लिही, खुळखुळतो," तो म्हणाला. "जो खुळखुळला तो मेला. पुढे बघायची गरज नाही." तरी त्याने पुढे बघितलं, कारण तो न्यायी माणूस होता. दुसऱ्याचं पातं मिटताना मुठीच्या एका भिंतीला घासत होतं. तिसऱ्याची, मिटल्यावर दोन्ही मुठी जुळवून धरणारी कडी अशी बसवलेली, की दर वेळी मिटताना ती धारेवरच आपटे, म्हणजे चाकू वापरला नाही तरी नुसत्या उघडमिटीने बोथट होणार. चौथ्याच्या पात्यावर कानस फिरवली तर ती लोण्यात फिरल्यासारखी गेली. पाचवा फरशीवर पडला आणि त्याची मूठ तुटली. तुटलेल्या जागी राखाडी, रवाळ ओतीव जस्त दिसत होतं, शिळ्या तांदळाच्या वडीसारखं. सहाव्याचं टोक त्याने नाण्यावर मारलं. चांगला बालिसोंग नाणं भोसकतो, ही इथली जुनी कसोटी. नाण्याला काही झालं नाही. टोक मात्र गळासारखं वळलं.

"मासे धरायला होईल," मारिव्हिक म्हणाली आणि तेही लिहायला लागली. त्याने ते खोडायला लावलं.

सातवा, आठवा, नववा यांची कहाणी वेगळी नव्हती. दहाव्याने मात्र मेलेसिओला थांबवलं. दहावा खुळखुळला नाही. पातं मधोमध होतं. हाताच्या केसांवरून फिरवला तर केस गेले, आणि नाण्यावर मारला तर नाण्यात बोटाच्या नखाएवढं भोक पडलं. मेलेसिओने चष्मा पुसला, दुसरं नाणं ठेवलं आणि पुन्हा मारलं. पुन्हा भोक. एका चाकूची किंमत किती, हे त्याने मुलीला दुसऱ्यांदा विचारलं. तिने दुसऱ्यांदा सांगितलं. लोमीच्या दोन वाट्यांना, म्हणजे कोपऱ्यावरच्या खानावळीतल्या जाड शेवयांच्या रश्शाला जेवढे पडतात, तेवढे.

"हा चुकून झाला असेल," तो म्हणाला. पण आवाजात तेवढा जोर नव्हता.

आत काय आहे ते बघायचं त्याने ठरवलं. इथल्या चाकूंना ठोकून बसवलेले रिव्हेट असतात; यांना स्क्रू होते, आणि स्क्रूच्या डोक्यात चांदणीच्या आकाराचा खड्डा. पन्नास वर्षांच्या भट्टीत त्या खड्ड्यात बसेल असं एकही हत्यार नव्हतं. मारिव्हिकच्या पर्समध्ये तसली सहा निघाली. तासाभरात दहाही चाकू सुटे होऊन मेजावर पसरले: दहा पाती, वीस मुठी, एक तुटलेली, आणि वाटीभर स्क्रू.

बापाला मदत म्हणून मारिव्हिकने एक चाकू परत जोडायला घेतला. हाताला आलं ते पातं उचललं, हाताला आली ती मूठ लावली, स्क्रू फिरवला.

"ती त्याची नव्हे," मेलेसिओ म्हणाला.

"बसली की."

"बसणार नाही. ती तिसऱ्याची आहे, पातं आठव्याचं."

"बाबा, बसलीये. बघा."

त्याने हातात घेऊन पाहिलं. ती बसली होती. त्याने मुलीच्या हातातून हत्यार घेतलं आणि स्वतः दुसरी मूठ लावली, पहिल्याची. तीही बसली. मग नवव्याची. मग तुटलेल्याची जोडीदार. कुठलीही मूठ, कुठलंही पातं. चाकू खुळखुळत होता, पण मुळात जेवढा खुळखुळायचा तेवढाच, केसभरही जास्त नाही.

मेलेसिओ खाली बसला.

त्याच्या धंद्यात मूठ पात्यासाठी जन्माला येते. कानशीने घास, लावून बघ, परत घास, परत लाव, असं दोन दोन दिवस चालतं, आणि शेवटी ती दोघं एकमेकांना अशी ओळखतात की तिसऱ्याला मधे जागा उरत नाही. त्याने आयुष्यात हजारो चाकू केले असतील, पण त्यातल्या एकाची मूठ दुसऱ्याला कधी बसली नव्हती. आणि समुद्रापलीकडे कुठेतरी एक माणूस नुसत्या मुठी ओततो. दुसरा, ज्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही, नुसती पाती कापतो. तिसरा कुणी स्क्रू पाडतो. आणि हे सगळं एका खोक्यात येऊन एकत्र पडतं आणि बसतं. लोमीच्या दोन वाट्यांत. गावाजवळच्या तलावातला ज्वालामुखी फुटून राखेचा खांब आभाळात चढला होता, त्या दिवशी मेलेसिओ असाच हात मांडीवर ठेवून अंगणात बसून राहिला होता. आजही रुफिनाने तीनदा जेवायला बोलावलं, ते त्याला ऐकू गेलं नाही.

इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण विस्मयाच्या मागोमाग मेलेसिओच्या मनात अभिमान उठला, आणि त्याने सगळा घात केला. जे कुणा अनोळखी माणसाला जमतं, ते आपल्याला जमत नसेल कशावरून? आपण कधी करून तरी पाहिलंय का?

फळीवर फडक्यात गुंडाळलेले सहा चाकू होते. ते कोन्सोलासियोन कातिगबाक या म्हातारीचे. तिला सहा मुलगे, सहाही बोटीवर नोकरीला, आणि लहानपणापासून सहाही जण एकमेकांच्या ताटात बघून मोठे झालेले. रविवारी तिची ऐंशी वर्षं पुरी होत होती. सहा जण एकाच वेळी घरी येण्याचा योग अकरा वर्षांनी आला होता. तिने प्रत्येकासाठी एक बालिसोंग सांगितला होता, काळ्या शिंगाच्या मुठींचा, आणि जाताना काठी आपटून बजावलं होतं, "सहाही सारखे. अगदी सारखे. एकात जरी फरक दिसला, तर माझ्या वाढदिवसाला माझ्या घरात मारामारी होईल."

मेलेसिओने तीन महिने खपून ते केले होते. मुठींच्या पितळी टोकांवर नक्षी कोरायची बाकी होती, म्हणून रिव्हेट नुसते घातलेले होते, ठोकले नव्हते. बोटाने ढकलले की निघत. त्याने ते ढकलले. सहाही चाकूंचे.

"काय करतोयस?" रुफिना दारातून म्हणाली.

"बघतोय."

"काय बघतोयस?"

पुढचे दोन दिवस वस्तीतला प्रत्येक जण त्याला तेच विचारणार होता.

पहिल्या चाकूची मूठ चौथ्या पात्यावर बसली नाही. दुसऱ्याची पाचव्यावर जवळजवळ बसली, पण मिटताना अडली. तिसऱ्याची सहाव्यावर, सहाव्याची पहिल्यावर, असं करता करता तो समाधानाने मान हलवू लागला, कारण एकही नीट बसत नव्हती. प्रत्येकीला आपलं घर ठाऊक होतं. मग त्याने पहिला चाकू परत जोडायला हात पुढे केला आणि तो हात हवेतच राहिला. पहिली मूठ कुठली होती?

मेजावर बारा काळ्या मुठी होत्या. सहांना कडी, सहांना नाही. बाकी त्या इतक्या सारख्या होत्या, की कोन्सोलासियोनबाईने पाहिल्या असत्या तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. खुणा करायची मेलेसिओला सवय नव्हती. एका वेळी एकच चाकू उघडणाऱ्याला खुणा कशाला लागतात?

त्याने लावून बघायला सुरुवात केली. गोची अशी होती की नुसती मूठ पात्याला पटून भागत नव्हतं. दोन्ही मुठी पात्याला पटायला हव्यात आणि मिटल्यावर एकमेकींनाही पटायला हव्यात. जवळजवळ पटणाऱ्या तर पुष्कळ निघाल्या. संध्याकाळी मारिव्हिकने फोनवर हिशेब मांडला आणि सांगितलं, की एकूण जोडण्या पाच लाख अठरा हजार चारशे होतात.

"आणि बरोबर किती?" रुफिनाने विचारलं.

"एक."

रुफिनाने मेजाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्या परदेशी चाकूंपैकी नऊ, भात शिजेपर्यंत, बोलता बोलता जोडून टाकले. कुठलंही पातं, कुठलीही मूठ. "हे बरे आहेत," ती म्हणाली. मेलेसिओने तिच्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी अबुन्दिओ आला. मेलेसिओच्या भट्टीतून ठोकण्याचा आवाज येत नाही, म्हणजे तो आजारी असणार, असं त्याला वाटलं होतं. आजारपणापेक्षा चांगली बातमी मिळाल्यावर त्याने बाहीच वर सारली. त्याचं म्हणणं पडलं, की हे दोन मिनिटांचं काम आहे, फक्त डोळा हवा. त्याने डोळा लावला. एक मूठ उचलली, एक पातं उचललं, लावलं, जरा अडलं. "इथे फक्त किंचित," असं म्हणत त्याने कानस घेतली. मेलेसिओ "नको" म्हणेपर्यंत तीन फटके मारून झाले होते. आता ती मूठ त्या पात्यालाच काय, सहापैकी एकालाही बसत नव्हती, आणि रिव्हेटचं भोकही अंडाकृती झालं होतं.

दुपारपर्यंत उरलेल्या पाच भट्ट्यांचे मालकही येऊन पोचले. प्रत्येकाची आपली रीत होती. एकाने मुठी वजनाप्रमाणे लावल्या, दुसऱ्याने लांबीप्रमाणे. तिसऱ्याचं म्हणणं होतं की शिंगाचा वास घ्यावा, एकाच रेड्याच्या शिंगाला एकच वास येतो. तो वास घेत बसला. चौथा एका कोपऱ्यात बाराही मुठींना नमस्कार करून काही पुटपुटत होता; तो चेष्टा करतोय की प्रार्थना, हे कुणाला कळलं नाही. पाचव्याने काहीच केलं नाही, पण त्याने तिघांसाठी केलेला भात खाल्ला. कॅप्टन पर्लिता अधूनमधून येऊन दारातच उभी राहायची. रविवारी ज्याने लोकांना सांगायचं की परका चाकू कसा ओळखावा, त्याला स्वतःचे चाकू ओळखता येईनात, ही गोष्ट हमरस्त्यावरच्या टपऱ्यांपर्यंत जाऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. गोष्ट तिथे आदल्या दिवशीच पोचली होती.

शनिवारी सकाळी मेलेसिओने सगळ्यांना घराबाहेर काढलं. अबुन्दिओ स्वतःहूनच आला नव्हता. मेलेसिओने बाराही मुठी एका ओळीत ठेवल्या, खुर्ची ओढली आणि डोळे मिटून एक हातात घेतली. अंगठा आतल्या बाजूने फिरवला, जिथे गिऱ्हाइकाचं बोट कधी जात नाही, तिथे.

आतून ती खरबरीत होती. कानशीचे फटके आखूड होते, घाईचे, एकमेकांवर चढलेले. त्याला दाढ आठवली. मार्चमध्ये दाढ ठणकत होती त्या आठवड्यात तो असाच काम करत होता, काम उरकावं आणि लवंग लावून पडावं म्हणून. त्याने ती मूठ बाजूला ठेवून दुसरी घेतली. दुसरी लांब, शांत फटक्यांची. ही पाऊस पडून गेल्यानंतरची, हवा गार होती. तिसरी घेतली आणि तो हसला. हिच्यात फटके एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ होते. त्या दिवशी तो रुफिनाशी भांडला होता आणि सबंध दुपार मान तिच्या खोलीकडे वळवून, ती बोलते का बघत, काम करत होता.

मग मात्र त्याने मूठ खाली ठेवली. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की आपण चाकू करतो. आपण आतून आपले दिवस लिहून ठेवतोय, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि ते वाचता येत होते. दाढेची मूठ दाढेच्या मुठीजवळ गेली, भांडणाची भांडणाजवळ. पात्यांच्या मुळाशीही तेच फटके होते, तोच दिवस, तोच हात. एकेक जोडी पात्यावर चढत गेली आणि मिटताना असा आवाज येऊ लागला, जणू कुणी समाधानाने तोंड मिटावं. रुफिना दाराला टेकून बघत होती. भांडणाच्या चाकूपाशी तो म्हणाला, "हा तुझा." एवढंच. ती आत गेली आणि त्याची कॉफी दुसऱ्यांदा गरम करून आणली, जे तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

बारा वाजेपर्यंत पाच चाकू पुरे झाले. सहाव्याची कडीची मूठ होती. दुसरी अबुन्दिओने मारलेली.

ती नवीन करायला दोन दिवस लागले असते आणि हातात अर्धा होता. तेवढ्यात अबुन्दिओ अंगणात आला, टोपी काढून, डोळे जमिनीवर. त्याने स्वतःच्या भट्टीतली एक मूठ आणली होती, बिनकडीची. हरणाच्या शिंगाची, मधाच्या रंगाची. "काळी नाहीये," तो म्हणाला, "पण बसवून दाखवतो." त्याने बसवली. भोक केसभर मोठं पाडलं, कारण त्याचा हातच तसा होता. सहावा चाकू एका बाजूने काळा, एका बाजूने पिवळसर झाला, आणि उघडताना त्यातून बारीक 'टिक्' असा आवाज यायला लागला. मेलेसिओने तो कानाशी धरून हलवला आणि डोळे मिटून घेतले. मग रात्रभर जागून त्याने उरलेली नक्षी कोरली आणि सहाही चाकूंचे रिव्हेट ठोकले.

रविवारी मैदान भरलं. मेलेसिओ धुतलेला पांढरा सदरा घालून उभा राहिला आणि त्याने ते दहा परदेशी चाकू एकेक करून लोकांना दाखवले. कसं हलवून ऐकावं, पातं मधोमध आहे का ते कसं बघावं, कडी कुठे आपटते, कानस कशी लावावी, सगळं सांगितलं. कॅप्टन मोठ्या पुठ्ठ्यावर मुद्दे लिहीत होती आणि खुशीत होती. मग मेलेसिओ थांबला आणि त्याने सांगितलं, की यातला दहावा चांगला आहे, त्याने दोन नाणी भोसकली. आणि उरलेले नऊ वाईट आहेत, पण ज्यांनी केले त्यांना एक अशी गोष्ट येते जी मला पन्नास वर्षांत आली नाही. त्यांची कुठलीही मूठ कुठल्याही पात्याला बसते. माझी बसत नाही. मी करून बघितलं, आणि माझं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

लोक हसले. कॅप्टनने लिहिणं थांबवलं आणि खाणाखुणा करायला सुरुवात केली. त्या मेलेसिओला दिसल्या नाहीत, खात्यातल्या माणसाला मात्र दिसल्या. त्याने वही मिटली. गेल्या वर्षभरात अशा तीस सभांना आपण बसलो, तो म्हणाला, प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याचा माल शंभर टक्के वाईट होता. दहातला एक चांगला असं सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटला, तेव्हा नऊ वाईट आहेत यावर माझा विश्वास बसला. शिक्क्याचा अर्ज आजच द्या. कॅप्टनने त्याचा दंड धरला आणि त्याचा विचार बदलण्याआधी त्याला जेवणाकडे नेलं.

आता कोन्सोलासियोनबाई उठली. मागे तिचे सहा मुलगे, उन्हाने रापलेले, मोठ्या अंगाचे, आईच्या मागे रांगेत. मेलेसिओने फडकं उलगडलं. पाच काळे आणि एक दुरंगी. बाईने काठी टेकली आणि सहाही चाकूंवरून नजर फिरवली.

"मी सारखे सांगितले होते," ती म्हणाली.

मेलेसिओने काही लपवलं नाही. सहाव्याची मूठ बिघडली, दुसऱ्याची लावली, तो जरा वाजतोसुद्धा, त्याचे पैसे देऊ नका, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. अबुन्दिओ बास्केटच्या खांबामागे उभा होता.

थोरल्या मुलाने दुरंगी चाकू उचलला. बोटीवरच्या माणसाच्या सवयीने मनगट फिरवलं. टिक्. त्याने परत फिरवलं. टिक्. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की दुसऱ्याने हात पुढे केला. दुसऱ्याने फिरवला, कानाशी नेला, हलवला. सगळं मैदान बघत होतं. पाऊण तासापूर्वी याच मैदानाला सांगितलं होतं की जो खुळखुळला तो मेला. "हा बोलतो," दुसरा म्हणाला. अंधारात इंजिनाच्या खोलीत हा आपलाच आहे हे न बघता कळेल, तिसऱ्याने सांगितलं. चौथ्याने तो हातातून ओढला. पाचव्याने चौथ्याची कॉलर धरली. धाकटा, जो पंचेचाळीस वर्षांचा होता, म्हणाला की लहानपणापासून आपल्याला उरलेलंच मिळत आलंय, तेव्हा वेगळा आहे तो आपला.

बाईने काठी दोनदा आपटली. सहाही जण थांबले.

"मेलेसिओ," ती म्हणाली, "बाकीचे पाचही असेच कर. बुधवारच्या आत. आणि वाजायला पाहिजेत. सगळे सारखे."

सोमवारी सकाळी मेलेसिओने त्या पाच चाकूंचे ठोकलेले रिव्हेट कानशीने घासून काढले. या खेपेस एका वेळी एकच. अबुन्दिओ आपल्या भट्टीतल्या, हरणाच्या शिंगाच्या घडवून ठेवलेल्या मुठी घेऊन आला होता, फक्त भोकं पाडायची बाकी होती. मेलेसिओने पहिली मधाळ मूठ घेतली, भोक पाडलं, पात्यावर चढवली. ती गच्च बसली. आवाज नाही. त्याने दुसरी घेतली आणि मुद्दाम जाड गिरमिट लावलं. हात आपोआप सावरला आणि तीही गच्च बसली. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून भोक पाडायचा प्रयत्न केला. तीही तशीच बसली. चाकू तोंड मिटून बसला, अक्षर बोलेना.

"दे इकडे," अबुन्दिओ म्हणाला.

त्याने गिरमिट लावलं, शेजारच्या बाईने रस्त्यावरून काय विचारलं त्याला उत्तर दिलं आणि भोक पाडून झालं. टिक्. दुसरी घेतली. टिक्. पाचही मुठींना त्याने अशीच भोकं पाडली, नीट न बघता, आणि पाचही नेमकी तेवढीच चुकली, केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. मारिव्हिक बघत बसली होती. तिला राहवलं नाही. तिने पाचही मधाळ मुठी एकत्र करून हाताने फिरवल्या आणि हाताला येईल ती एकेका पात्याला लावली. सगळ्या बसल्या. कुठलीही, कुठल्याही पात्याला.

मेलेसिओने हातातलं काम खाली ठेवलं. तो अबुन्दिओच्या हाताकडे बघत राहिला, त्या जाड, काळ्या, चाळीस वर्षं शेजारी असलेल्या हाताकडे.

"तुला हे कधीपासून येतं?" त्याने विचारलं, आणि आवाज इतका गंभीर होता, की आपली स्तुती होतेय की अपमान, हे अबुन्दिओला ठरवता येईना. त्याने रुफिनाने ठेवलेल्या बशीतल्या दोन भाताच्या वड्या उचलल्या आणि चावता चावता सांगितलं, की तसं म्हटलं तर पहिल्यापासूनच येतं.